खोडदची शांतता : भारतातील रेडिओ खगोलशास्त्र आणि त्याचा गोंगाटाशी लढा

१/
प्रतिष्ठानहून, म्हणजे आपल्या पैठणहून, सातवाहनांचे व्यापारी तांडे पश्चिमेकडे निघत. जुन्नर ओलांडून, नाणेघाट उतरून ते कल्याणच्या बंदरी पोहोचत. हा मार्ग इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राच्या इतिहासातील दोन महत्त्वाचे टप्पे याच मार्गावर आहेत, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. पहिला टप्पा कल्याण, १९६५. दुसरा जुन्नरजवळचे खोडद. आजचा थ्रेड या दोन गावांविषयी, आणि शांततेसाठी चाललेल्या एका दीर्घ लढ्याविषयी. 🧵

२/
प्रारंभी एक विलक्षण योगायोग ध्यानात घ्यावा. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच मुळी व्यत्ययाच्या शोधातून झाला. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण अभियंता काम करीत होता. अटलांटिकपार चालणाऱ्या रेडिओ-दूरध्वनी सेवेत खरखर कोठून येते, हे शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यासाठी त्याने २०.५ मेगाहर्ट्‌झवर चालणारी, चाकांवर फिरणारी एक भलीमोठी अँटेना उभारली.

३/
जवळच्या वादळांची खरखर त्याला सापडली, दूरच्या वादळांचीही सापडली. त्यांखेरीज एक मंद, सातत्याचा सूंऽऽकार मात्र काही केल्या उलगडेना. तो दररोज सुमारे चार मिनिटे लवकर तीव्र होई. सूर्याचा दिवस २४ तासांचा असतो, ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणजे हा ध्वनी पृथ्वीवरचा नव्हता, सूर्याचाही नव्हता. तो आकाशगंगेच्या मध्याकडून येत होता. १९३३ मध्ये हे जगासमोर आले. दूरध्वनीच्या दृष्टीने जो ‘व्यत्यय’ होता, तो खगोलशास्त्राच्या दृष्टीने संदेश ठरला.

४/
दुसरे महायुद्ध संपले तेव्हा रडारवर काम केलेले अनेक अभियंते आपली उपकरणे घेऊन आकाशाकडे वळले. इंग्लंडमध्ये केंब्रिज व मँचेस्टर आणि ऑस्ट्रेलियात सिडनी ही या नव्या विद्येची केंद्रे झाली. १९५२ साली सिडनी येथे रेडिओविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन तेथे गेले आणि तेथील काम पाहून प्रभावित होऊन परतले. हे आपल्याकडेही झाले पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला.

५/
कृष्णन यांच्या हाताखाली तेव्हा गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण होता. जन्म १९२९, उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे. शिक्षण अलाहाबाद विद्यापीठात. १९५३ मध्ये कोलंबो योजनेखाली तो सिडनीस गेला. तेथे पॉट्स हिल या ठिकाणी क्रिस्तियान्सन यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी १.८ मीटर व्यासाच्या ३२ लहान ताटल्यांची एक रांग मांडली होती. तिचे काम संपल्यावर ती मोडीत निघणार होती. या ताटल्या भारतास द्याव्यात, अशी कल्पना स्वरूप यांनी मांडली आणि ऑस्ट्रेलियाने ती मान्य केली.

६/
पुढे स्वरूप अमेरिकेत गेले आणि स्टॅनफर्ड येथे रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच. डी. केली. १९६१ मध्ये परदेशी असलेल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी (स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी) मायदेशातील प्रमुख संस्थांकडे एक संयुक्त प्रस्ताव धाडला : आम्ही परत येतो, आम्हांस एकत्र काम करू द्या. होमी भाभा यांनी १९६२ च्या आरंभी तारेने होकार कळविला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

७/
दिल्लीत आलेल्या त्या ऑस्ट्रेलियन ताटल्या आता मुंबईच्या संस्थेकडे आल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांची मांडणी झाली. ६१० मेगाहर्ट्‌झवर सूर्याच्या प्रभामंडलाचा अभ्यास सुरू झाला. स्वतंत्र भारताच्या रेडिओ खगोलशास्त्राचा हा महाराष्ट्रातील पहिला उंबरठा. उपकरण परक्याचे, जुने आणि छोटे होते. पण ताटल्या जोडणे, तारा ओढणे, संग्राहक बांधणे या कामांतून येथे माणसे तयार झाली. पुढची झेप त्याच माणसांनी घेतली.

८/
ती झेप म्हणजे उटी. निलगिरीतील एका डोंगरउताराचा कल तेथील अक्षांशाइतकाच, सुमारे ११ अंश, होता. त्यावर दक्षिणोत्तर दिशेने ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पन्हळीसारखी दुर्बीण उभारली गेली. तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षास समांतर झाला. त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरवून एखाद्या खगोलाचा नऊ-साडेनऊ तास मागोवा घेता येऊ लागला. १९७० मध्ये ती कार्यान्वित झाली. महागड्या यंत्रणेचे काम डोंगराने केले.

९/
आता जुन्नरकडे वळू. स्वरूप यांच्या जीएमआरटीपूर्वीही या खोऱ्याने आकाशाशी संधान बांधले होते. नारायणगावाजवळील आर्वी येथे १९७१ मध्ये ‘विक्रम’ हे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. देशाचे परदेशांशी उपग्रहाद्वारे दूरध्वनी-संभाषण तेथून चाले. अवकाशातून येणारा क्षीण संकेत टिपायचा, तर भोवताली शांतता हवी. सह्याद्रीच्या रांगांआड दडलेल्या या प्रदेशात ती होती.

१०/
१९८० च्या दशकाच्या मध्यास स्वरूप यांनी एक धाडसी विचार मांडला. पाश्चात्त्य देश तेव्हा सेंटिमीटर तरंगलांबीच्या मागे लागले होते. मीटर तरंगलांबीचे क्षेत्र तुलनेने मोकळे होते. त्याची दोन कारणे होती. एक म्हणजे या तरंगांवर आयनांबरातील उलथापालथींचा परिणाम अधिक होतो. दुसरे म्हणजे दूरचित्रवाणी, बिनतारी संदेश आणि कारखाने यांच्या गोंगाटाने युरोप-अमेरिकेत हे क्षेत्र भरून गेले होते.

११/
भारतात मात्र हा गोंगाट कमी होता. तो का कमी होता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपले औद्योगिकीकरण मागे होते, प्रक्षेपक थोडे होते, खेड्यांत विजेवर चालणारी उपकरणे मोजकी होती, म्हणून. ज्यास आपण मागासलेपण म्हणत होतो, तेच विज्ञानाचे भांडवल ठरले. या थ्रेडचा गाभा याच विरोधाभासात आहे. हे भांडवल देशाच्या प्रगतीबरोबर घटत जाणार होते.

१२/
जागेची निवड विचारपूर्वक झाली. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी हवा. पुण्यासारखे शिक्षणाचे व उद्योगाचे शहर हाकेच्या अंतरावर हवे. भूचुंबकीय विषुववृत्तापासून जागा पुरेशी उत्तरेस हवी, म्हणजे आयनांबर त्यामानाने शांत राहील. तरीही ती इतकी उत्तरेस नको की दक्षिण आकाश नजरेआड व्हावे. १९ अंश उत्तर अक्षांशावरील खोडद या सर्व कसोट्यांस उतरले. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर, भोवती डोंगर, आणि जवळच शिवनेरी.

१३/
१९८७ मध्ये प्रकल्पास मंजुरी मिळाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांपैकी १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती क्षेत्रात. उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, जुन्नर परिसरातील शेतशिवारांतून विखुरलेल्या. टोकाच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. सर्व मिळून जणू २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच दुर्बिणीची तीक्ष्णता.

१४/
४५ मीटरची भरीव ताटली म्हणजे वाऱ्यास मोठे शीडच. ती पेलण्यास अवाढव्य पोलाद लागले असते. उपाय असा योजला गेला की पोलादी दोरांच्या ताणलेल्या चौकटीवर ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी बसवायची. जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची असतात. मीटरभर लांबीच्या तरंगास ही जाळी आरशासारखी भासते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो. नारायणगावच्या बाजूने जाताना या ताटल्यांतून आरपार आकाश दिसते, त्याचे कारण हेच.

१५/
आता काळाचा खेळ पाहा. १९९५ च्या सुमारास अँटेनांची उभारणी पूर्णत्वास जात होती. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी भारतातील पहिला मोबाईल संवाद झाला. म्हणजे शांतता ऐकण्याचे यंत्र तयार होत असतानाच शांतता संपविणारे तंत्रज्ञान देशात पाऊल टाकत होते. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये जीएमआरटीचे राष्ट्रार्पण झाले आणि २००२ पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांस खुली झाली. तोवर मोबाईल मनोरे महाराष्ट्रभर उभे राहू लागले होते.

१६/
हा गोंगाट किती घातक असतो? एक साधा हिशेब करू. जुन्या पद्धतीचा, एक वॉट शक्तीचा मोबाईल चंद्रावर ठेवून चालू केला, तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीस तो आकाशातील सर्वांत तेजस्वी स्रोतांच्या पंक्तीत बसलेला दिसेल. चंद्राचे अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर. मग अँटेनेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातील फोनचे काय? म्हणूनच खोडदच्या आवारात शिरताना फोन बंद करावा लागतो. ही औपचारिकता नव्हे.

१७/
आणि फोन हा एकच शत्रू नाही. उच्चदाब वीजवाहिनीवरील सैल जोड किंवा खराब इन्सुलेटर यांवर सूक्ष्म ठिणग्या उडतात. डोळ्यांस त्या दिसतही नाहीत, पण एकाच वेळी अनेक वारंवारितांवर खरखर पसरते. केबल टीव्हीच्या जुनाट जोडण्यांतून संकेत गळतो. उपग्रह डोक्यावरून जातात, विमाने जातात. दुर्बिणीची स्वतःची संगणकयंत्रणाही गोंगाट करते. म्हणून तिला धातूच्या आवरणातील बंदिस्त खोल्यांत ठेवावे लागते.

१८/
या लढ्यास तीन आघाड्या आहेत. पहिली कायद्याची. हायड्रोजनची सुप्रसिद्ध रेषा १४२० मेगाहर्ट्‌झवर आहे. तिच्यासाठी १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आंतरराष्ट्रीय करारान्वये राखीव आहे, तेथे कोणीही प्रक्षेपण करू नये असा दंडक आहे. पण विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकांची तीच रेषा सरकून कमी वारंवारितेवर येते, आणि ते सारे पट्टे राखून ठेवणे कोणत्याही देशास शक्य नाही. म्हणून भूमीवरची शांतता राखावी लागते. खोडदभोवतीच्या ३० किलोमीटर परिसरात नव्या उद्योगास राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची, म्हणजे एनसीआरएची, हरकत नसल्याचे प्रमाणपत्र लागते.

१९/
तुलनेसाठी : अमेरिकेने १९५८ मध्येच ग्रीन बँकभोवती सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचे रेडिओ-शांतता क्षेत्र घोषित केले. आपला संभाजीनगर जिल्हा सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचा. म्हणजे तिपटीहून मोठा प्रदेश. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये आपल्या विरळ वस्तीच्या करू प्रदेशासाठी स्वतंत्र कायदा केला. ऑस्ट्रेलियाने पश्चिमेकडील मर्चिसनचे ओसाड माळरान निवडले. जुन्नर मात्र ओसाड नाही. तेथे द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा पिकतो, बाजार भरतो, माणसांची दाट वस्ती आहे.

२०/
दुसरी आघाडी माणसांची. हातात अँटेना घेऊन अभियंते गावोगाव फिरतात आणि खरखर कोणत्या खांबावरून येते ते शोधतात; मग वीज कंपनीकडून तो जोड दुरुस्त करून घ्यायचा. तिसरी आघाडी यंत्राची. दूरवरच्या दोन अँटेनांस एकच तारा दिसतो, पण एकाच खांबावरची ठिणगी सहसा दोघींना सारखी ऐकू येत नाही. शिवाय तारे आकाशात सरकतात, खांब जागचा हलत नाही. या दोन भेदांमुळे बराचसा गोंगाट गणिताने गाळता येतो. जवळजवळच्या मध्यवर्ती अँटेनांस मात्र त्याचा जाच अधिक.

२१/
गेल्या दशकात जीएमआरटीचे नूतनीकरण झाले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा ऐकता येई, आता ४०० मेगाहर्ट्‌झचा. खिडकी रुंद केली की प्रकाशाबरोबर धूळही अधिक येते, तसे येथेही झाले. राखीव पट्ट्यांबाहेरचे कितीतरी मोबाईल व उपग्रह संकेत आता त्या खिडकीत येतात. म्हणून ठिणग्यांचा गोंगाट तत्क्षणी ओळखून वगळणारी यंत्रणा संग्रहणातच बसविण्यात आली.

२२/
इतक्या खटाटोपाचे फळ काय? १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेली यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण संकेत सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदच्या अँटेनांनी टिपला. यान पुढे कोसळले, पण त्याचा प्रवास शेवटच्या टप्प्यापर्यंत जुन्नरच्या शिवारात ऐकला गेला. जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या अचूक ठेक्यावरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगापुढे आला. त्यात युरोपीय गटाबरोबर भारतीय गट होता आणि त्याची निरीक्षणे नूतनीकृत जीएमआरटीची होती. कमी वारंवारितेवरची ती अचूकता शांततेवाचून अशक्य होती.

२३/
आता नाण्याची दुसरी बाजू. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ आराखडा सुमारे २३५ किलोमीटरचा आणि तो नारायणगाव, संगमनेरवरून जाणारा. विजेवर धावणाऱ्या गाडीत छतावरचा पेंटोग्राफ आणि वरची तार यांच्यात ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे गोंगाट. जीएमआरटीच्या कारणास्तव हा मार्ग रेल्वे मंत्रालयाने बाजूस सारला आणि शिर्डी–अहिल्यानगरमार्गे जाणारा पर्याय पुढे आणला. जुन्नर-संगमनेरच्या लोकांनी व लोकप्रतिनिधींनी मूळ मार्गाचा आग्रह धरला. तांत्रिक तोडगा काढा, पण रेल्वे आमच्या गावातून न्या, असे त्यांचे म्हणणे.

२४/
येथे घाईने न्यायाधीश होऊ नये. क्षणभर कल्पना करा : शेंद्रा-बिडकीनचे कारखाने एखाद्या दुर्बिणीसाठी नाकारले गेले असते, तर संभाजीनगरच्या तरुणांनी काय म्हटले असते? जुन्नरच्या शेतकऱ्याने अँटेनेसाठी जागा दिली, उद्योगांवरचे निर्बंध सोसले, आता रेल्वेही दूर चालली. विज्ञानाचा लाभ जगाचा आणि त्याची किंमत एका तालुक्याची, ही विषमता खरी आहे. आणि एकदा गेलेली शांतता परत मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे. मनोरा हलविता येतो. रेल्वेमार्ग हलत नाही.

२५/
हा प्रश्न आता मराठवाड्याच्या दारीही आला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिला रेडिओ शांतता नव्हे, भूमीची शांतता लागते. अवजड वाहने, खाणी, रेल्वे यांची कंपने तिला बाधक. खोडदला गेली तीन दशके जे प्रश्न पडले, ते औंढ्यास पुढील तीन दशके पडणार.

२६/
खोडदचा इतिहास औंढ्यास काही शिकवतो का? माझ्या मते दोन गोष्टी शिकवतो. पहिली, निर्बंध प्रारंभीच स्पष्ट सांगावेत. रस्ते-रेल्वेचे नकाशे आखून झाल्यावर दिलेला नकार लोकांना विश्वासघात वाटतो. दुसरी, शेजाऱ्यांना त्या यंत्राचे वाटेकरी करावे. खोडदला विज्ञान दिनाच्या सुमारास हजारो विद्यार्थी अँटेना पाहण्यास येतात, हे त्याच दिशेचे पाऊल. पण वर्षातून एक-दोन दिवस पुरेसे नाहीत. ज्या तालुक्यातून रेल्वे वळविली, त्या तालुक्यास दुसऱ्या मार्गाने काय दिले, याचे उत्तर राज्यकर्त्यांकडे असले पाहिजे.

२७/
आकाशातूनही नवे संकट येत आहे. २०२३ मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीने दाखवून दिले की इंटरनेट पुरविणाऱ्या उपग्रहांच्या थव्यांतील विद्युतयंत्रणा ११० ते १८८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अनाहूत उत्सर्जन करते. म्हणजे हेतुपुरस्सर प्रक्षेपण नसतानाही गोंगाट. त्यास ना ३० किलोमीटरची मर्यादा अडवू शकते, ना सह्याद्रीची रांग. हा प्रश्न एखाद्या तालुक्याचा वा राज्याचा राहिलेला नाही.

२८/
गोविंद स्वरूप यांचे ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निधन झाले. परक्या देशाच्या मोडीत निघालेल्या ३२ ताटल्यांपासून जगातील आघाडीच्या मीटरतरंग दुर्बिणीपर्यंतचा प्रवास एका आयुष्यात झाला. २०२४ च्या आरंभी भारताने दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभारल्या जाणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या महाप्रकल्पात सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. भारतीय शास्त्रज्ञ आता तेथील वाळवंटी शांततेत भागीदार असतील. घरची शांतता राखणे मात्र आपलेच काम.

२९/
सातवाहनांनी नाणेघाटात लेख कोरला आणि तो दोन हजार वर्षे टिकला, कारण खडक टिकला. खोडदला येणारे संकेत त्याहून कितीतरी जुने आहेत. काही तर पृथ्वी घडण्यापूर्वी निघालेले. ते वाचण्यासाठी लागणारा खडक म्हणजे शांतता. पुढच्या वेळी शिवनेरीस जाल तेव्हा वाट वाकडी करून खोडदकडे जा, दुरून त्या जाळीदार ताटल्या पाहा. आणि हो, फोन बंद ठेवा.

थ्रेड आवडला तर मित्रांपर्यंत पोहोचवा. तुमच्यापैकी कोणी जुन्नर, नारायणगाव वा औंढा परिसरातील असल्यास तेथील लोकांचे म्हणणे खाली अवश्य लिहा.